आप्पांचे थोरले चिरंजीव

आप्पा, माझे वडील, गेले त्याच्या आदल्या दिवशी ते शिडीवर चढून भिंतीवर वंशवृक्षाची नवी फांदी रंगवत होते आणि मी खाली गेरूचे मडके धरून उभी होते. निपाणीच्या पोस्टात धारवाडहून बदलून आलेल्या एका कारकुनाला त्यांनी त्या सकाळी मुलगा करून घेतले होते. त्याला जागा कुठे द्यायची, हा प्रश्न होता. आमच्या तंबाखूच्या वखारीची भिंत संपत आली होती.

"इंदू, ही खिडकी बुजवून घ्यायला हवी."

"मग उजेड?"

"उजेडाला काय करायचंय? सगळे आपलेच. अंधारातसुद्धा ओळखू येतील."

मी मडके दुसऱ्या हातात घेतले. त्यांच्या धोतरावर गेरूचा डाग पडला होता. उद्या भिजवू, असे मनात म्हटले आणि विसरले.

आमचे घराणे मूळचे बेळगावजवळच्या कंग्राळीचे. आजोबा सुबराव तंबाखूच्या धंद्यासाठी निपाणीला आले आणि इथे त्यांनी एकवंश समाज काढला. त्यांचा विचार सरळ होता. जात जन्माने येते ना? मग जात मोडत बसण्यापेक्षा जन्मच बदलावा. आमच्या दारातल्या सर्वांच्या घागरीतले पाणी जो पिईल, तो त्या दिवशी आमच्या घरात जन्मला. त्याला आमचे आडनाव आणि आमच्या वंशवृक्षावर एक फांदी. आजोबांच्या मागे आप्पांनी हे काम चालवले. निपाणीपासून बेळगावच्या कॅम्पापर्यंत लोक त्यांना मान देत. आमच्या वंशात शेतकरी आले, विणकर आले, चांभार आले, कॅम्पातला एक पाववाला आला.

वय घागरीपासून मोजायचे असल्यामुळे काही गोष्टी वेगळ्या होत. रवळू गवंडी माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी पाणी प्यायला, म्हणून तो आप्पांचा थोरला मुलगा. तो आप्पांहून दहा वर्षांनी मोठा होता. सणाला तो वाकून आप्पांच्या पाया पडे, आणि मग त्याला उठवायला दोघेजण लागत.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत, माझ्या जन्माआधी, स्वातंत्र्य चळवळीच्या धामधुमीत एक मामलेदार आमची चौकशी करायला आले. उन्हातून आले होते. घागर दिसली, गटागट प्यायले. आप्पांनी त्याच संध्याकाळी त्यांना भिंतीवर घेतले. नाव काढा म्हणून ते पुढे वर्षानुवर्षे अर्ज करत राहिले. आप्पांचे उत्तर ठरलेले असे. वंशातून माणूस काढता येत नाही. येत असता तर मी आधी माझ्या सख्ख्या भावाला काढला असता.

माझ्या लग्नाचेही असेच झाले. वडगावचा भावकू लुगडी घेऊन आमच्याकडे येई. विणकराचा मुलगा, बोलायला कमी, हसायला चांगला. त्याने मला मागणी घालायचे ठरवले. मिश्रविवाहावर आप्पा जागोजाग व्याख्याने देत, तेव्हा नकाराचा प्रश्नच नव्हता. पण आपण जात मानत नाही हे आधी दाखवावे, म्हणून भावकू मोठ्या उत्साहाने घागरीतले पाणी प्यायला आणि मग मागणी घातली. आप्पा भिंतीकडे बघत राहिले.

"अरे, आता तू हिचा भाऊ झालास."

"रक्ताचं न्हाय की हो," आमची बायाक्का आत्या चुलीपासून ओरडली. "दोन घोट पाणी प्यालंय पोरगं. वकायला लावा त्याला!"

"बायाक्का, रक्त मानायचं नाही हाच आपला सिद्धांत."

भिंतीवर माझ्या नावाशेजारी जागा होती, तिथे आप्पांनी भावकूचे नाव सुबकपणे लिहिले. घरात कोणी सिद्धांत मोडायचाच तर तो मीच मोडायला हवा होता, आणि आप्पांच्या मुलीला ते शोभले नसते. मी मुलींची शाळा चालवू लागले. राखीला भावकू न चुकता येई, मान खाली घालून हात पुढे करी.

फांदी रंगवली त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

सांजेपर्यंत वखारीपुढे गर्दी मावेना. आमच्या समाजात भटजी नव्हता, विधी नव्हते. एवढेच होते की आई-बापाला अग्नी थोरल्या अपत्याने द्यायचा, मुलगा असो वा मुलगी. हा नियम आप्पांनीच माझ्या जन्मानंतर केला होता. तो माझ्यासाठीच केला, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. मी आंघोळ करून, पदर खोचून बाहेर आले.

"तुझा लंबर माझ्या मागं हाय, बाई," रवळूअण्णा डोळे पुसत म्हणाला. "आप्पांचा थोरला म्या."

"तुझ्या गुडघ्यानं जाणार व्हय रं मसणवटीत?" बायाक्का म्हणाली. "तूच चितेवर बसशील तिथं."

तेवढ्यात मामलेदार पुढे आले. आता पेन्शनीत होते. "मी हयातभर अर्ज केले, नाव काढलं नाही. नाव आहे, तर हक्क आहे."

पाववाला म्हणाला, मलाही आप्पांनी बेटा म्हटले होते. मग सगळेच बोलू लागले. आणि त्यातले कोणी खोटे रडत नव्हते.

शेवटी तोडगा निघाला. भिंतीवरच्या क्रमाने सगळ्यांनी ओळीने उभे राहायचे. पेटती चूड धाकट्यापासून थोरल्यापर्यंत हातोहात न्यायची, आणि रवळूअण्णाने अग्नी द्यायचा. ओळ मसणवटीतून निघून रस्त्यापर्यंत गेली. शेवटी कालचा पोस्टातला कारकून होता. त्याने आप्पांना जेमतेम एकदा पाहिले होते आणि तो हुंदके देत होता. चूड दोनदा विझली. एकदा पाववाल्याचा सदरा पेटला. मधूनच कोणी चुडीचा दांडा कपाळाला लावून नमस्कार करू लागला, की मागचे ओरडत, "आवर की रं, मढं ताटकळलंय!"

चूड भावकूच्या हातात आली. त्याने ती माझ्याकडे दिली. केस पिकले होते त्याचे.

"इंदुताई, पुढं द्या," तो हळू म्हणाला.

माझ्या पुढे मामलेदारांनी हात पसरला होता. मी चूड दिली नाही. ओळीतून बाहेर पडले आणि चितेकडे चालू लागले. मागे आधी कुजबुज झाली, मग रवळूअण्णा हाका मारू लागला, "ए बाई, क्रम मोडतीस व्हय! आप्पांनी शिकीवलेलं इसारलीस?"

आप्पांच्या धोतरावर गेरूचा डाग तसाच होता. मी चूड लाकडांना लावली. ती पेटेपर्यंत वाट पाहिली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले.

"आप्पा, तुम्ही या सगळ्यांचे नको होतात मला. माझे एकटीचे हवे होतात."