सोफ्याची चादर

अकलूजला लेकीच्या सासरी सोफा आला, तेव्हापासून सारजाबाईच्या डोक्यात तेच खूळ बसलं होतं. आता तर व्याही-विहीण सोलापूरला घरी यायचे होते. त्यांना काय जमिनीवर बसवायचं?

तिचा नवरा जोतीराम चादरींच्या कारखान्यात नक्षी काढायचा. तो नुसता हसला, चौकड्यांचा कागद पुढ्यात ओढला आणि सोफा काढायला बसला. सिंहाच्या पंजाचे पाय, पाठीवर वेलबुट्टी, दोन्ही हातांवर मान वळवलेले मोर.

"कागदावर बसवू व्हय पावण्यांना?" सारजाबाई फणकारली. पण तिची नजर काही हटेना. "मोर मातूर लई झ्याक हायेत," ती शेवटी म्हणाली. "त्या दुसऱ्याचा डोळा राहिलाय बगा."

जोतीरामनं डोळा काढला, मालकाला गळ घातली आणि ती नक्षी लालभडक चादरीत विणून आणली.

पाहुणे आले, तशी सारजाबाईनं रीतीप्रमाणं नवी चादर अंथरली. विहीण सोनाबाई अंगानं ऐसपैस. ती नेमकी विणलेल्या सोफ्याच्या मधोमध बसली आणि मोराच्या डोक्यावर तिनं हात टेकला. व्याही अंग चोरून तिला खेटून बसले. बाकीची चादर रिकामीच.

सारजाबाई चहा घेऊन आली.

"तुमी बी बसा की, विहीणबाई," सोनाबाई म्हणाली.

सारजाबाईनं चादरीकडं निरखून पाहिलं आणि ती उभीच राहिली.

"कुटं बसू?" ती म्हणाली. "सोफा भरलाय न्हवं!"