सेनापतींनी वाजवलेला नगारा

मित्रांनो, संग्रहालयाच्या शेवटच्या दालनात तांब्याचे एक मोठे, काळवंडलेले भांडे तुम्ही पाहिले असेल. तो मी, सेनापतींचा नगारा. एका तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केले, तोंडावर जाड कातडे ताणून बसवले आणि मी फौजेत दाखल झालो. माझा नगारची डावखुरा होता, म्हणून सगळे त्याला डावरा म्हणत. छावणी जागेवर आहे तोवर मी सकाळभर वाजायचो. मी थांबलो की शत्रूने ओळखायचे, फौज हलली.

लढाया मी पुष्कळ पाहिल्या. पण सांगण्यासारखी सकाळ एकच, आणि त्या सकाळी लढाई झालीच नाही.

आमची फौज अडकली होती. समोरच्या टेकडीवर दुप्पट शत्रू, पाठीशी फुगलेली नदी आणि नावा जेमतेम. आदल्या संध्याकाळी सेनापती सगळ्यांपुढे उभे राहून म्हणाले होते, "ही वाट मी निवडली. चूक माझी आहे. तुम्हाला यातून बाहेर काढणंही माझंच काम." त्यानंतर छावणीतली कुरकुर थांबली.

सकाळी दाट धुके पडले आणि नावा गुपचूप सुटू लागल्या. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून डावरा मला वाजवत राहिला. सेनापतींचा धाकटा भाऊ मात्र उतावीळ झाला होता.

"दादा, आधी धडधाकट माणसं नेऊ. जखमींना चढवण्यातच वेळ जातोय. धुकं उठलं तर सगळेच मरू."

"जखमी आधी. धडधाकट माणूस पोहू तरी शकतो."

"मग निदान तुम्ही तरी बसा नावेत."

"मी आधी गेलो, तर मागचे थांबतील कशाला?"

भाऊ जखमींना उचलू लागला.

डावऱ्याचा हात मागच्या लढाईत दुखावला होता. वाजवता वाजवता त्याची पट्टी रक्ताने भिजली. सेनापतींनी ते पाहिले आणि त्याच्या हातून टिपऱ्या काढून घेतल्या.

"तूही जखमीच आहेस. नावेत बस."

"आणि नगारा?"

"मी बघतो."

सेनापती लढवय्ये मोठे, पण वाजवण्याच्या नावाने आनंदच होता. त्यात धुक्याने माझे कातडे सैल पडलेले. ते ताठ व्हावे म्हणून त्यांनी मला शेकोटीजवळ ओढले आणि पुन्हा टिपऱ्या उचलल्या. ताल मात्र काही जमेना.

धुके विरळ होऊ लागले. टेकडीवरून घोड्यांच्या टापा खाली येत होत्या. तेवढ्यात डावरा नावेतून उतरून धापा टाकत परत आला.

"हुकूम मोडलास?" सेनापतींनी विचारले.

"मोडला, सरकार. पण तुमचा ताल त्याहून जास्त मोडत होता. आपलीच माणसं नावेत हसायला लागली, टेकडीवरचे फसणार कसे?"

सेनापतींनी एक टिपरी त्याच्या हाती दिली. शेवटची नाव सुटेपर्यंत दोघे मला वाजवत राहिले. त्या नावेत पाय ठेवायलाही जागा नव्हती.

मग धुके फाटले. एक बाण माझ्या काठावर खणकन आदळला, दुसरा कातड्यात घुसला. दोघांनी मला गडगडत पाण्यात लोटले आणि माझी कड धरून ते नदीत शिरले. ओढ जबर होती. मध्यावर डावऱ्याची पकड सुटली. सेनापतींनी झडप घालून त्याची मान धरली आणि दात आवळून त्याला माझ्यावर टेकवले. पलीकडे पोहोचलेला धाकटा भाऊ रिकामी नाव घेऊन परत आला, तेव्हा कुठे आम्ही काठाला लागलो.

सेनापतींनी आधी विचारले, "मागे कोण राहिलं?"

"कोणी नाही, दादा. तुम्ही दोघंच होतात."

तेव्हा ते चिखलातच मटकन खाली बसले.

पुढे माझी वाहवा झाली, मग मी कोठारात पडलो, उंदरांनी कातडे कुरतडले. आता इथे छत गळते आणि थेंब थेट माझ्यात पडतात. जमले तर मला कोरड्या जागी हलवायला सांगा. आणि उद्या तुमच्यावर चार माणसांची जबाबदारी पडली, तर निघताना एकदा वळून बघा, मागे कोणी राहिले तर नाही ना.