आठ बिटांचा एक बाइट

नेसरीच्या घरी आबांचा श्वास जड झाला होता. नातीला चालताना एकदा बघायचं, एवढंच ते म्हणत होते. जर्मनीतून त्यांच्या मुलानं, विश्वजितनं, लेकीचा व्हिडिओ पाठवला, चारशे ऐंशी एमबीचा. घरचं नेट आठ एमबीपीएसचं. त्याच्या बहिणीनं, संयोगितानं, मनात भागाकार केला, साठ सेकंद, आणि वडिलांचा हात धरला.

"आबा, एका मिनिटात येतंय बघा."

मिनिट सरलं, तरी फोनवरचं वर्तुळ थोडंच भरलं होतं.

"आलं का गं?"

"आलंच की, आबा."

वर्तुळ अर्धं भरलं तेव्हा त्यांचा हात सैल पडला.

संध्याकाळी विश्वजितचा फोन आला. "आबांनी बघितलं न्हवं तिला?"

"न्हाय रे. मिनिटभराचं काम हुतं, पण नेटनं दगा दिला." तिनं आपला हिशेब सांगितला.

 तो म्हणाला, "ताई, नेटचा वेग बिटात मोजतात, व्हिडिओ बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. आठ मिनिटं लागणारच हुती."

"मला ठावं असतं तर फोटो मागिटला असता. तो लगेच आला असता."

"मला ठावं हुतं की, ताई. माझं कामच हाय ते," म्हणत विश्वजित रडू लागला.