पाच स्लिपा

धुळ्याला आग्रा रोडवर लीलाधरशेठचं साड्यांचं दुकान होतं. चौऱ्याण्णवच्या दिवाळीआधी तिथे कार्डाचं मशीन आलं. मशीन कसलं, पाटाएवढा लोखंडी तुकडा आणि त्यावर सरकणारा एक दांडा. पण त्यासाठी शेठनी मुंबईच्या बँकेत चार खेटे घातले होते, अनामत भरली होती. काचेवर स्टिकर चिकटवल्यावर ते रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथून डोळे भरून पाहून आले. कार्ड चालत नाही म्हटल्यावर 'मग नाशिकलाच घेऊ' म्हणून उठणारी गिऱ्हाइकं त्यांच्या फार जिव्हारी लागली होती.

मशीन शिकून घेतलं ते नासीरने. तो बावीस वर्षं या दुकानात होता. शेठच्या प्रमिलाला त्यानेच सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडलं होतं. बँकेच्या माणसाने सांगितलेले नियम त्याने पाठ करून टाकले. कार्डावर कार्बनची स्लिप ठेवायची, दांडा सरकवायचा, सही घ्यायची. बिल तीन हजारांच्या वर गेलं तर आधी मुंबईला फोन लावून परवानगी मागायची. आणि दर गुरुवारी बंद पडलेल्या कार्डांची यादी टपालाने यायची, तिच्यात नंबर आहे का ते बघायचं. असला तर कार्ड परत द्यायचं नाही, ठेवून घ्यायचं आणि बँकेला कळवायचं. दुकानात तिला काळी यादी म्हणत. नासीर चष्मा नाकावर ओढून त्या बारीक आकड्यांवरून बोट फिरवायचा, आणि एवढ्या दिवसांत त्याचं बोट कधी चुकलं नव्हतं.

प्रमिला जळगावला दिली होती. लग्नात व्याह्यांना फेटा बांधायला माणूस उशिरा आला, एवढ्यावरून तिचे सासरे पितांबरशेठ जेवणाच्या पंगतीतून उठले होते. त्यापायी पोर सहा महिने माहेरी बसून होती. शेवटी लीलाधरशेठ स्वतः जळगावला गेले, चार माणसांत हात जोडले, तेव्हा कुठे दसऱ्याला तिला नेलं. जाताना ती नासीरला म्हणाली होती, चाचा, आता परत आले तर मीच उरणार नाही. ते शब्द नासीरने शेठना सांगितले होते. त्या दिवसापासून जळगावचं पाकीट आलं की शेठ ते उन्हात धरून बघत, फोडायला धजत नसत.

मार्गशीर्षात पितांबरशेठ पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सात माणसं घेऊन दुकानात आले. शालू, पैठण्या, आहेराच्या साड्या. चौदा हजारांचं बिल झालं. लीलाधरशेठ रिवाजाप्रमाणे नको नको म्हणत होते. पितांबरशेठनी खिशातून कार्ड काढून सगळ्यांना दिसेल असं धरलं, आणि नासीरच्या पुढ्यात टाकलं.

नासीरचं बोट यादीवरून खाली आलं आणि थांबलं. त्याने यादी शेठकडे सरकवली. नंबर तोच होता, सगळाच्या सगळा.

लीलाधरशेठच्या तोंडचं पाणी पळालं. सात माणसांदेखत व्याह्याचं कार्ड ठेवून घ्यायचं? फेट्यावरून सहा महिने, तर यावरून किती?

"व्याही, हाई मशीन नुसतं दखाडाले ठेयेल शे का?" पितांबरशेठ हसत म्हणाले. आपलं कार्ड बंद आहे हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.

शेठनी यादीची घडी घालून मांडीखाली ठेवली. फोन लावायला नको म्हणून बिल पाच ठिकाणी तोडलं, प्रत्येक तीन हजारांच्या आतलं. मग नासीरला बाजूला करून स्वतः पाच वेळा दांडा ओढला. पितांबरशेठनी पाच ठिकाणी झोकदार सह्या केल्या.

इथवर शेठना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्या पाच स्लिपा फाडून चौदा हजारांवर पाणी सोडलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. नासीर तेच सांगत होता. पण प्रमिलाच्या लग्नाच्या खर्चाने शेठ खंगले होते, आणि बँक पाच बारक्या स्लिपा कशाला बघतेय, असं त्यांच्या मनाने घेतलं. सोमवारी त्या स्लिपा बाकीच्यांबरोबर मुंबईला गेल्या.

महिन्याभराने बँकेचा साहेब आला. यादी दुकानात पोचल्याची सही होती, वर एकाच माणसाच्या पाच स्लिपा. त्याने मऊ आवाजात सांगितलं, की नजरचुकीने झालं असेल तर पैसे कापून घेऊ आणि त्या माणसाला मशीनपासून दूर करा. जाणूनबुजून झालं असेल तर पोलिसांत द्यावं लागेल. मग त्याने विचारलं, की काउंटरवर कोण होतं.

लीलाधरशेठ कपाटातल्या साड्यांकडे बघत म्हणाले, "नासीर."

साहेब नासीरकडे वळला. नासीरने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "माझीच नजर चुकली, साहेब. वय झालं."

साहेब गेल्यावर शेठना त्याच्याकडे बघवेना. नासीरने खुंटीवरची पिशवी काढली आणि दारात थांबला.

"पोरनं घर राहू द्या, शेठ. मना काय, मी कोठे बी पोट भरसू."

शेठ त्याला थांब म्हणाले नाहीत. मशीन दुकानात राहिलं.

आणि बँकेने एक पत्र जळगावला पाठवलं. कार्ड बंद असताना धुळ्याच्या अमुक दुकानात पाच वेळा वापरलं, रक्कम ताबडतोब भरावी. व्याह्याने आपलं नाव बँकेत दिलं, असंच पितांबरशेठनी धरलं.

पौषात एका दुपारी प्रमिला दुकानाची पायरी चढून आली. पत्र्याची पेटी तिने दारातच ठेवली. सासरहून कोणी पोचवायला आलं नव्हतं. ती गल्ल्याशेजारच्या नासीरच्या रिकाम्या बैठकीकडे बघत राहिली. चाचांना का काढलं, असं तिने विचारलं.

"त्याला हल्ली दिसत नव्हतं," शेठ म्हणाले. तेच खोटं, आता सवयीने तोंडात आलं.

प्रमिलाने पदराने कपाळ पुसलं. एसटी स्टँडवर नासीर हमाली करत होता. तिची पेटी त्यानेच डोक्यावर घेतली होती, पैसे घेतले नव्हते, आणि दुकानाच्या कोपऱ्यावर पेटी तिच्या हातात देऊन तो मागे वळला होता.

"पण आप्पा," ती म्हणाली, "मी मोटारमाईन उतराना आधीच त्यास्नी माले वळखी लिधं."