गुलाबी पाणी निळे होईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी काचेची कुपी आहे, जेमतेम अंगठ्याएवढी. अंगावरच्या खुणा पुसट झाल्या आहेत, झाकण तर कधीच हरवले. औषधाची रिकामी बाटली समजून तुम्ही मला केव्हाच फेकून दिले असते. पण आधी माझे काम ऐका, मग बोला.

कारखान्यात घडून मी एका खोक्यातून रंगवाल्या काकांच्या घरी आले. काका दुकानात रंग जुळवून देत. भिंतीचा पोपडा नेऊन दाखवा, हुबेहूब तोच रंग कालवून मिळे. "काकांच्या नजरेला तोड नाही," असे गिऱ्हाईक म्हणे, आणि काका मिशीतल्या मिशीत हसत. घरी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती आणि तिच्यात जांभळे, हिरवे, फांद्याफांद्यांचे प्रवाळ होते. काका आणि काकू दोघांचाही तो जीव की प्राण!

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे बरं का. तो जीव आहे. पाण्यातले कॅल्शियम घेऊन तो आपले हाड बांधतो, म्हणून ते पाण्यात वरून घालत राहावे लागते. किती घालायचे, ते माझ्याकडून कळे. काका माझ्यात टाकीतले पाणी घेत, चिमूटभर पूड टाकत, की पाणी गुलाबी होई. मग दुसरे औषध थेंबथेंब सोडत. पाणी निळे झाले की थांबायचे. थेंब जास्त लागले तर कॅल्शियम भरपूर, कमी लागले तर घाला. काकू मला खिडकीच्या उजेडात धरून उभ्या राहत. काय तोरा होता माझा तेव्हा!

पुढे काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला. तो इतका हळू येतो, की ज्याचे त्याला कळत नाही. निळा रंग मंदावतो, सारे जग जरा पिवळट होते. माझ्यातले पाणी लख्ख निळे झाले, तरी काका थेंब सोडतच राहिले.

"अहो, झालं की निळं," काकू म्हणाल्या.

"कुठलं निळं? जांभळट आहे अजून. उभा जन्म रंगात गेला माझा, आता तू शिकवणार मला?"

पुढच्या वेळी काकूंनी पुन्हा सांगून पाहिले आणि पुन्हा बोलणी खाल्ली. त्यानंतर थेंब मोजायच्या वेळी त्या स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. माझा जीव तुटत होता. तोंड आहे हो मला, पण वाचा कुठे आहे?

थेंब जास्त म्हणजे कॅल्शियम जास्त, असे धरून काकांनी ते घालणेच बंद केले. प्रवाळांची वाढ खुंटली. टोके फिकट झाली, मांस मागे सरले, खालचे हाड उघडे पडले. काकांना ते छान सायीच्या रंगाचे दिसे. "बघ, कसा नवा रंग धरतायत!" ते म्हणत. काकू टाकीकडे बघत आणि मान फिरवत. गुपचूप काही घालायची त्यांची हिंमत झाली नाही. प्रमाण चुकले तर उरलेसुरलेही जायचे.

एक दिवस दुकानात काकांनी कालवलेला रंग चुकला आणि गिऱ्हाइकाची अख्खी भिंत बिघडली. दुकानाच्या मालकाने त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली. घरी येताच काका चपला न काढता टाकीसमोर उभे राहिले. आत सगळे चुन्यासारखे पांढरे होते.

"हे कधी झालं गं?"

"बरेच दिवस झाले."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

काका खाली बसले. त्यांना इतके रडताना मी कधी पाहिले नव्हते.

आता टाकी कोरडी आहे आणि मी खिडकीत धूळ खात पडले आहे. मित्रांनो, मला धुऊन पुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. कुपी गेली तर दुसरी मिळते. पण तुमच्या शेजारी उभे राहून कोणी हळूच "थांबा" म्हणाले, तर पुढचा थेंब सोडण्याआधी त्याच्याकडे एकदा वळून बघा. बोलणी खाऊन आत गेलेले माणूस पुन्हा सांगायला येत नाही.