वरवंटा ज्याच्या हाती

रुचिकाला लग्नाचा चुडा भरायला शहाद्याहून जाकीरभाई मण्यार आला होता. ओट्यावर बायकांची ही गर्दी, जात्यावर हळद दळणं चाललेलं, आणि मधोमध नवरीची आई दगूबाई. बाई कसली, ठाणेदारच! स्वतःही विधवाच, पण तिला कोण अडवणार? थोरल्या मुलाची विधवा काजल तेवढी मागच्या खोलीत. शुभकार्यात तिची सावली नको, हा दगूबाईचाच हुकूम.

एवढ्यात त्यांच्या उसात राबणारी पाड्यावरची शीला मांडवासाठी आंब्याचे डहाळे घेऊन आली. भारा उतरवताना तिचे हात किणकिणले. दगूबाईच्या कपाळाला आठी पडली.

"काय व शीला, नवरा मरीसन वरीस बी नही व्हयनं. ह्या बांगड्या कोना नावन्या?"

"वाहरूना नावन्या, माय. मी तेनासंगे दुसरं घर करं." शीला लाजून हसली. "आमना पाडामा चालस. पंचसनीच पाट लाई दिन्हा."

"जंगली ते जंगलीच!" दगूबाईने नाक मुरडलं. बायका फिदीफिदी हसल्या. "आमना दारमा हाई चालाव नही. उतार त्या बांगड्या."

"नही उतारस, माय."

हसू जागच्या जागी विरलं. धाकटा मुलगा हेमराज पुढे आला. "जमीन आमनी, काम आमनं. मंग रीत बी आमनीच ऱ्हाई."

"तुमना जोर मोठा शे, दादा. तेवढाकरता मन्ही रीत खोटी पडनी का?"

जाकीरभाईचा हात रुचिकाच्या मनगटावरच थांबला. जात्याची घरघरही बंद पडली.

"काजल!" दगूबाई कडाडली. "वरवंटा लई ये!" बांगड्या फोडणं हे विधवेचं काम, सवाष्णीने त्याला हात लावायचा नसतो.

काजल आली. हातात स्वयंपाकघरातला जुना वरवंटा. नवऱ्याचं प्रेत अंगणात असताना सासूने तिच्या बांगड्या फोडल्या, तो हाच. ती शीलाकडे गेलीच नाही. वरवंटा तिने दगूबाईच्या मांडीवर ठेवला.

"तुम्हीच फोडा, आत्या. तुमना हातले सवय शे. मी नही फोडस."

दगूबाईचा हात उचलेना. तिच्या स्वतःच्या सासूनेही तिच्या बांगड्या फोडायला हाच दगड उचलला होता. पण हेमराजला कुठला दम! त्याने शीलाचं मनगट धरून खांबावर आपटलं. काचा उडाल्या त्या थेट हळदीत.

शीला रडली नाही. काजलने आपला पदर फाडला, तिच्या रक्ताळलेल्या मनगटाला बांधला आणि तिचा हात धरून भर मांडवातून चालू लागली.

"काजल, माघारी फिर!" दगूबाई ओरडली. पण आवाजाला नेहमीची धार नव्हती.

रुचिकाने अर्धा भरलेला हात मण्याराकडून सोडवून घेतला.

"माय, मन्हावर अशी वेळ उनी, ते मन्ह्या बी फोडशी का?"

दगूबाई खाली मान घालून हळदीतली काच वेचत बसली. बोट कापलं तरी वेचतच राहिली. पोर हात पुढे करून अजून उभी आहे. बायांनो, तिला उत्तर तुम्ही द्या. फक्त 'शेत ज्याचं, खरं त्याचं' एवढं सांगू नका.