माझ्या भिंतीपुरतं गार

टक्.

एवढाच माझा आवाज. सगळे गप्प असतील तरच तो ऐकू येतो. आज दुपारी घर तसं गप्पच होतं, पण तो आवाज तीन तास झालाच नाही. मित्रांनो, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. पॅसेजमधल्या भिंतीवरचा, तळहाताएवढा पांढरा डबा. माझ्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा एक मणी आहे. त्याला गरम लागलं की मी टक् करतो आणि सगळ्या खोल्यांत थंड हवा सोडणारं गच्चीवरचं यंत्र सुरू होतं. गार लागलं की पुन्हा टक्, आणि यंत्र बंद. मी एका लांबलचक शेडमध्ये जन्मलो. हातमोजे घातलेल्या एका बाईने मला आधी तापलेल्या पेटीत ठेवलं, मग गार पेटीत. दोन्ही वेळा आकडा पाहून ती म्हणाली, "शहाणं आहे हे. चुकत नाही." ते शब्द मी बारा वर्षं मिरवले. आता आठवले की नकोसे वाटतात.

या घरात चार माणसं. आई, बाबा, त्यांची पाच वर्षांची मुलगी आणि बाबांचे वडील. आजोबांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे त्यांना यंत्रांशी बोलायची सवय. मुलीला ते खारू म्हणायचे, कारण ती कधी एका जागी ठरत नसे.

उन्हाळा आला की माझ्यावरून घरात जुंपायची. बाबा घामाघूम होऊन घरी आले की चपला काढायच्या आधी मला अठरावर नेत. ते अंघोळीला वळले की आजोबा हळूच येऊन तीसवर ठेवत.

"बाबा, माणसं राहतात इथे. भट्टी नाहीये ही!" बाबा आपल्या वडिलांवर चिडत.

"आणि माझी हाडं काय शीतकपाटात ठेवायची आहेत का रे?"

एकदा मला तपासायला दुरुस्तीवाला आला. आईने त्यालाच पंच नेमलं. तो हसला. "साहेब, अठरा लावलं म्हणून यंत्र धावत सुटत नाही. त्याची चाल एकच. अठरावर ते फक्त थांबायचं विसरतं. सव्वीस ठेवा आणि पंखा लावा, अंगाला तेवढं पुरतं." जाताना तो दारात थबकला. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, वय झालं की उकडतंय हे माणसाला उशिरा कळतं. आजोबांना विचारून आकडा ठरवू नका. आणि एक. याला कळतं ते फक्त या भिंतीपुरतं. आतल्या खोल्यांत जरा डोकावत जा."

आईने आकडा सव्वीसवर ठेवला. खाली चिठ्ठी चिकटवली : 'हात लावाल तर याद राखा.' भांडण मिटलं, घर गार झालं, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मग माझ्याकडे बघायचं कारणच उरलं नाही. खोल्यांत डोकावायचं तर सगळे विसरूनच गेले.

आजोबा तेवढे रोज यायचे. बोटाने काचेवर टिचकी मारत, "काय रे, बरा आहेस ना?" मग खारूला सांगत, "याला उकडतं, म्हणून आपल्याला गार वाटतं. बिचारा आपल्या वाट्याचा उन्हाळा सोसतो." ते गमतीने बोलत. खारू गमतीने ऐकत नसे.

गेल्या महिन्यात ती तापाने फणफणली होती. आजोबा तिच्या उशाशी बसून कपाळावर ओला रुमाल ठेवत, सुकला की पुन्हा भिजवून ठेवत. तिला दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. ते तिने मनात जपून ठेवलं.

आज उन्हाचा कहर होता. बाबा सकाळीच कामावर गेले होते. आईही अर्ध्या दिवसाच्या कामाला निघाली. जाताना आजोबांना म्हणाली, "बाबा, मी चारपर्यंत येतेच. खारू, आजोबांना झोपू दे हं." आजोबा आपल्या खोलीत आडवे झाले. खोली पश्चिमेची. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी खिडकी लावली, दार लावलं.

थोड्या वेळाने स्टूल सरकल्याचा आवाज आला. खारूने माझ्यावर गाल टेकला. "किती तापलायस रे तू!" मग फ्रिजमधल्या पाण्यात भिजवलेला आपला पिवळा रुमाल तिने माझ्या डोक्यावरून पांघरला आणि कडा मागे नीट खोचल्या. बारा वर्षांत असं मायेने मला कुणी शिवलं नव्हतं.

माझ्या मण्याला गार लागलं. टक्. यंत्र बंद झालं.

माझ्या काचेवर चोवीसचा आकडा होता. तो खरा होता, मित्रांनो, पण फक्त रुमालाखाली. समोरच्या फळीवर एक मेणबत्ती उभी होती. ती हळूहळू वाकू लागली. ती का वाकते आहे ते मला कळेना. माझ्या हिशेबाने घर गार होतं. आजोबांच्या दारामागे रेडिओ बोलत होता. एकदा खाटेची कुरकुर झाली, एकदा खोकला आला. मग नुसता रेडिओच बोलत राहिला. खारूने तीनदा येऊन रुमाल भिजवला. चौथ्यांदा ती आली नाही. पंख्याखाली फरशीवर तिला झोप लागली होती.

चार वाजता आईने दार उघडलं. "अगं बाई, काय ही धग!" ती धावत माझ्याकडे आली. तिने रुमाल पाहिला, चोवीसचा आकडा पाहिला, झोपलेली खारू पाहिली. तिला सगळं एका क्षणात कळलं. रुमाल ओढून मुठीत घेत ती आजोबांच्या दाराकडे धावली. "बाबा! बाबा, उठा ना!"

रुग्णवाहिका येऊन गेली. कामावरून धावत आलेले बाबा आजोबांबरोबर गेले. आता तासाभराने त्यांचा फोन आला आहे. उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. "झालं कसं पण हे?" पलीकडून बाबांनी रडत विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. "ते यंत्र बिघडलं," ती म्हणाली. "जुनं झालं होतं. उद्या काढून टाकू."

चालेल. मी काही बोलणार नाही. फक्त जायच्या आधी एवढं ऐका. माझ्या जागी नवा येईल, माझ्याहून हुशार असेल, पण त्यालाही आपल्या भिंतीपुरतंच कळेल. त्याच्यावर घर सोपवून निर्धास्त राहू नका. उन्हाच्या दिवसांत बंद दार उघडा, आतल्या माणसाच्या अंगाला हात लावून बघा. आणि लहान मुलांना आमच्याबद्दल खरं तेच सांगा. आम्हाला उकडत नाही. आम्ही कुणासाठी काही सोसत नाही.

घर पुन्हा गार होत आलं आहे. फोन ठेवून आई भिंतीला टेकून खाली बसली आहे, मूठ अजून तशीच आवळलेली. खारू डोळे चोळत तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, माझा पिवळा रुमाल कुठे गेला? आजोबांना न्यायचाय, कपाळावर ठेवायला."